पेठेतला एकतर्फी रस्ता

प्रगतीचा मार्ग एकाच दिशेने जातो आणि त्यावर मागे वळता येत नाही. हे वाक्य माझे नाही. आमच्या गावच्या कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब यांनी ते हारतुऱ्यांच्या गर्दीत उभे राहून उच्चारले होते, आणि ज्या मार्गाविषयी उच्चारले तो आमच्या बाजारपेठेचा रस्ता होता. वरच्या वेशीपासून खाली नदीकाठच्या मारुतीपर्यंत. तोंडात पान घालून निघालेला माणूस ते थुंकायच्या आत हा मार्ग संपवीत असे.

काल संध्याकाळी खालच्या आळीत ताशेवाले जाळ करून ताशे शेकत बसले होते. तापलेल्या कातड्याचा आणि गोवऱ्यांच्या धुराचा तो मिसळलेला वास आला की पंचांग न पाहताही लग्नसराई सुरू झाल्याचे कळते. मधूनच कोणीतरी टिपरू मारून बघतो, ताशा अजून ढिला असतो, पुन्हा जाळावर जातो. हा वास मला दरवर्षी एकाच उन्हाळ्यात नेऊन सोडतो. प्लेग गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात.

आमचे गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या सांध्यावर आहे, म्हणजे दोन्ही मामलेदारांना सारखेच लांब. त्याआधीचे दोन हिवाळे आम्ही माळावरच्या झोपड्यांत काढले होते. गाव कुलपात आणि माणसे कुडात. परत आलो तेव्हा घरात ऊन पडलेले होते, कारण हवा खेळावी म्हणून सरकारी माणसांनी कौले उतरवून ठेवली होती. चुलीच्या बाजूला रुईचे एक रोप चांगले हातभर वाढले होते. आईने ते उपटून टाकले नाही, मुळासकट खणून बाहेर नेऊन लावले. दोन वर्षे घरात राहिलेले तेवढे एकच आहे, असे ती म्हणाली.

त्या काळात मी एकदा काही सामान आणायला गावात आलो होतो. भर दुपारी पेठेच्या रस्त्यावर मी एकटा उभा होतो. दोन्ही बाजूंची दुकाने बंद, चुन्याचे पांढरे पट्टे दारांवर, आणि वेशीपासून मारुतीपर्यंत सगळा रस्ता एका नजरेत दिसत होता. तो इतका रुंद आहे हे तोपर्यंत मला ठाऊक नव्हते. पुन्हा कधी कळू नये अशी इच्छा मात्र तेव्हाच झाली. रुंद, मोकळ्या, सरळ रस्त्यांची वर्णने मी नंतर पुष्कळ वाचली. ती लिहिणाऱ्यांनी आपला रस्ता मोकळा कशामुळे झाला ते बहुधा पाहिलेले नसते.

म्हणून त्या उन्हाळ्यात गर्दी झाली तेव्हा मला तिचा कंटाळा येत नव्हता. दोन वर्षे तुंबलेली लग्ने एकाच हंगामात निघाली होती. बस्त्याच्या गाड्या, भांड्यांच्या गाड्या, माहेरवाशिणींना आणणाऱ्या मुऱ्हाळ्यांच्या गाड्या. समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांचे कणे एकमेकांत अडकायचे, मग बैल सोडायचे, मग गाडीवान एकमेकांच्या घराण्यांची माहिती मोठ्याने सांगायचे. एकदा तर दोन वराती समोरासमोर आल्या. मागे कोण सरणार? मागे सरलेल्या नवरदेवाला जन्मभर ऐकून घ्यावे लागते. दोन्हीकडचे वाजंत्री एकमेकांच्या तोंडावर वाजवीत राहिले आणि दोन्ही नवरदेव घोड्यांवरून एकमेकांकडे बघत बसले. पुढे त्या दोघांची चांगली मैत्री झाली.

हे सगळे रावसाहेबांनी आपल्या माडीच्या खिडकीतून पाहिले. रावसाहेब निवृत्त वकील. उंच, गोरे, पगडीची कड कधी एका रेघेने हललेली नाही. रावसाहेब ही पदवी त्यांना प्लेगातल्या कामाबद्दल मिळाली होती, आणि ते काम त्यांनी खरोखर केले होते. आमच्या भागात पदवी आणि काम एकाच माणसाच्या वाट्याला आल्याचे हे उदाहरण मी मुद्दाम सांगून ठेवतो. फक्त प्लेग गेल्यावर त्यांच्या हातांना काम उरले नाही, आणि उरलेली पदवी सारखी काहीतरी मागत राहिली. त्यातच त्यांनी वर्तमानपत्रात समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शहराविषयी वाचले. शहराच्या ऐन मध्यातून एक थोर रस्ता जातो, त्याच्या दुतर्फा झाडे आहेत, आणि त्यावरून सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात. अशा रस्त्याला तिकडे बूलवार म्हणतात.

रावसाहेबांनी हा शब्द सभेत उच्चारला आणि गावाने तो बुधवार असा ऐकला. पुण्यात बुधवार पेठ आहे, तेव्हा आपल्याकडे बुधवार रस्ता असायला कोणाची हरकत नव्हती. एवढेच विचारण्यात आले की मग बाजार रविवारीच भरणार की कसे. रस्त्याच्या दुतर्फा कडुनिंबाची रोपे लागली. ती शेळ्यांनी एका बाजूने खात नेली. शेळ्यांनीही एकच दिशा पाळली, हे रावसाहेबांच्या नजरेस आणून द्यावे असे मला वाटले होते, पण मी शाळामास्तर होतो आणि शाळा कमिटीची होती.

दिशा ठरली वरून खाली, वेशीकडून नदीकडे. कारण प्रांतसाहेबांचा दौरा ठरत होता, साहेब सडकेने म्हणजे वरच्या वेशीतूनच येणार होते, आणि साहेबांच्या तोंडावर समोरून कोणी येऊ नये. गाड्या, स्वारीची जनावरे आणि वाजतगाजत जाणारे लोक, सगळ्यांनी नदीकडे तोंड करून जायचे. नदीकडून वर यायचे असेल तर मागल्या बोळाने. मारुतीपाशी एक फळी उभी राहिली. तिच्यावर नदीकडे बोट दाखवणारा काळा हात आणि खाली अक्षरे: हा रस्ता एकतर्फी आहे.

एकतर्फी हा शब्द रावसाहेबांनी निवडला. चाळीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला हाताशी तोच सापडला. गावालाही तो नवा नव्हता, पण गावाची आणि त्याची ओळख दुसरीकडे झालेली होती.

दवंडी पिटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओट्यावर एक म्हातारा शेतकरी येऊन बसला. मुलांची प्रार्थना संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "मास्तर, रस्त्याचा दावा चालला व्हता ह्ये आमाला ठावंच न्हाई. निकाल कुनाच्या बाजूनं लागला?"

"दावा नव्हता, बाबा. गाड्यांनी एकाच बाजूनं जायचं, एवढंच."

"म्हंजे दुसऱ्या बाजूचं कुनी आयकलंच न्हाई."

"दुसरी बाजू नाहीच त्यात."

"न्हाई कशी? नदीकडनं येनारी मानसं हायत की."

शब्दार्थात त्याचे चुकले होते, बाकी कशात नाही.

प्लेगाच्या त्या दोन वर्षांत एकतर्फी निकालांचे पीक आले होते. दाराला कुलूप, कुलपावर कोर्टाने डकवलेले समन्स, समन्सावर पावसाचे ओघळ, आणि घरमालक माळावर झोपडीत. तारखेला शिपाई कोर्टाच्या दारात उभा राहून तीनदा नावाचा पुकारा करी, कोणी ओ देत नसे, आणि हजर असलेल्याच्या बाजूने निकाल होई. बांध गेले, विहिरीतले हिस्से गेले, सामाईक आंब्याच्या फांद्या गेल्या. एकतर्फी म्हणजे तुम्ही नसताना झालेले. हा अर्थ पेठेतल्या लहान मुलालाही ठाऊक होता, आणि त्या काळी तो फक्त कोर्टापुरता नव्हता.

नियम पाळला जातो की नाही ते बघायला मारुतीपाशी धोंडू शिपाई नेमला गेला. पितळी बिल्ला, खाकी डगला आणि आडवा धरायला एक वेळू. धोंडूचाही बांध असाच गेला होता. चुलत्याने दावा लावला, पुकारा झाला, आणि तेव्हा धोंडू झोपडीत बायकोच्या उशाशी बसून होता. बायको वाचली, बांध गेला. "सौदा वंगाळ न्हाई झाला, मास्तर," असे तो मला एकदा म्हणाला होता. पण वेळू मात्र तो मनापासून आडवा धरी. सरकारी गोष्ट आपल्या बाजूने असण्याचा त्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

आता रस्ता एका दिशेने वाहू लागल्यावर जे झाले ते कोणत्याही वर्तमानपत्रात आलेले नव्हते. पेठेच्या मध्यावर चंदनमलशेठचे कापडाचे दुकान आहे. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले, आणि शेठ आता नदीपलीकडच्या निरगुडसरच्या माणसालाही ऐकून मारवाडी म्हणून ओळखू येणार नाहीत असे बोलतात. एका दुपारी मी दुकानात गेलो तर शेठ गादीवर हात बांधून बसलेले.

"मास्तर, धंदा बसला राव."

"गर्दी तर दिसतेय, शेठ."

"गर्दी म्होरं जातीया. आवं, गिऱ्हाईक भाव आयकतंय, नाक मुरडतंय, गाडीत बसून धा पावलं जातंय. मग मी हाक मारायची. मग ते मागं येतंय. ह्योच तर धंदा हाय. आता हाक मारली तर मागं कसं यील? नदीपत्तोर जायचं, मागल्या बोळातनं फिरायचं, वेशीतनं पुन्यांदा आत यायचं. तवर त्याचा राग जातोय."

"राग गेला तर बरंच की."

"राग गेल्यावर कापड कोन घेतंय?"

याचा अनुभव आमच्या घरीच आला. माझी धाकटी बहीण यमुना हिच्या लग्नाचा शालू घ्यायला आई गाडीने गेली. रीतीप्रमाणे तिने शालू परत केला, रीतीप्रमाणे गाडीत बसली, रीतीप्रमाणे शेठनी हाक मारली. आई मान न वळवता बैलांना म्हणाली, थांबा. पण मागून दुसऱ्या गाड्यांची रांग होती आणि बैलांना नियम समजला होता. ती नदीपर्यंत गेली. तिथून बोळ, बोळातून वेस, वेशीतून पुन्हा पेठ. दुसऱ्यांदा दुकानात आली तेव्हा उन्हाने ती इतकी शिणली होती की शेठनी सांगितलेल्या भावात तिने शालू घेतला. आयुष्यात प्रथमच. घरी येऊन तिने तो खाटेवर टाकला आणि म्हणाली, "त्या रावसायबाच्या घरात काय बाईमानूस न्हाई व्हय?"

नियमापुढे न झुकणारे दोनच होते. एक गाई. संध्याकाळी नदीवरून चरून आल्या की त्या नेहमीच्याच रस्त्याने, वेळूखाली मान घालून, आपापल्या दारी जात. पहिले काही दिवस धोंडूने त्यांना बोळाकडे हाकून पाहिले. मग रावसाहेबांनी खुलासा केला की गाय ही रहदारी नव्हे. दुसरे, न झुकणारे म्हणता येणार नाही, पण ज्यांना झुकावे लागलेच नाही असे म्हणजे मयत. त्यांना नदीकडेच जायचे होते. प्रगतीच्या मार्गाचे नियम पूर्णपणे पाळणारे गावात तेवढेच निघाले.

यमुनेचे लग्न हे त्या उन्हाळ्यात आमच्या घराच्या छातीवरचे दडपण होते. ते दोनदा ठरून दोनदा मोडले होते. पहिल्यांदा हळद दळून झाली आणि जात्याच्या पाळूशी मेलेला उंदीर सापडला. आम्ही त्याच दिवशी गाव सोडले. दुसऱ्यांदा प्लेग निरगुडसरला गेला, आणि नवऱ्या मुलाची आई त्यात गेली. आता तिसरी वेळ. तिच्या बरोबरीच्या मुली केव्हाच सासरी गेल्या होत्या, आणि ज्या मुलीचे लग्न दोनदा थांबते तिच्याविषयी लोक काय बोलतात ते आईला पाणवठ्यावर ऐकू येत होते. तिसऱ्यांदा वऱ्हाड परत गेले तर चौथे कोणी येणार नव्हते. हे घरात कोणी बोलून दाखवत नसे. यमुनाच एकदा म्हणाली, भाकरी थापता थापता, "दादा, पुन्यांदा मोडनार आसंल तर आंधी सांग. हळद लई डागती, नवं लुगडं न्हाई नेसत."

नवऱ्या मुलाचे वडील गेनबा. निरगुडसरला चांगली शेती, पण शेताच्या वाटेपेक्षा कोर्टाची वाट त्यांना जास्त पाठ होती, असे त्यांचे शेजारी सांगत. शेजारी बहुधा प्रतिवादी असल्यामुळे त्यांची माहिती पक्की असे. मनाने चांगले, पण मानाला फार जपणारे. एका लग्नात त्यांच्याआधी दुसऱ्याला पान वाढले म्हणून ते भरल्या ताटावरून उठून चालत गावी गेले होते.

आणि आता या गृहस्थांचे वऱ्हाड नदी ओलांडून येणार, मारुतीला उतरणार, तिथून नवरदेवाला वाजतगाजत वरच्या वेशीजवळच्या आमच्या मांडवात आणायचे, आणि रस्ता जाणार उलट. उरला मागला बोळ. त्या बोळात गावाचे उकिरडे आहेत, पण अडचण उकिरड्यांची नव्हती. प्लेगात पेठेतून मयत न्यायला मनाई होती. ती सगळी त्या बोळातून गेली होती. माणसे अजून तिथून जाताना बोलत नसत.

आबा, म्हणजे आमचे वडील, रावसाहेबांकडे गेले. मी सोबत होतो.

"एका वरातीपुरती सूट द्या, रावसायेब."

"आबा, नियमाला एक भोक पाडले की त्यातून अख्खे गाव जाते," रावसाहेब म्हणाले. ते उद्धटपणे बोलले नाहीत. त्यांचा तसा विश्वासच होता. "शिवाय त्याच दिवशी प्रांतसाहेब येत आहेत. बोळाने आणा. अंतर तेवढेच आहे."

"अंतराचं न्हाई, रावसायेब," आबा म्हणाले. त्यांनी पागोटे नीट केले आणि आम्ही उठलो.

लग्न गोरज मुहूर्तावर होते. उन्हे कलता कलता नदीच्या वाळूत गाड्यांची रांग दिसली. बैलांच्या शिंगांना गोंडे, गाड्यांवर तट्टे, आणि पुढच्या गाडीत गेनबा, लाल पागोट्यात, चेहरा असा की अजून काही झालेले नाही पण होण्याची शक्यता त्यांनी गृहीत धरलेली आहे. नवरीचा भाऊ म्हणून नवरदेवाला आणायला मीच खाली गेलो होतो. किसन, आमचा होणारा मेहुणा, जुन्नरहून आणलेल्या घोडीवर बसला. बाशिंगाच्या माळांतून त्याचे फक्त नाक दिसत होते. मारुतीला नारळ फुटला, सनई सुरू झाली, ताशा कडाडला, आणि वरात फळीपाशी आली.

धोंडूने वेळू आडवा केला.

"थांबा, पावणं. हिकडनं जायाला बंदी हाय. मागल्या बोळानं चला."

ताशा थांबला. सनई थोडा वेळ एकटीच वाजली, मग तिलाही कळले. गेनबांनी बोळाकडे पाहिले. निरगुडसरपर्यंत त्या बोळाची कीर्ती पोहोचलेली होती हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. तेवढ्यात नदीवरून गाई आल्या. धूळ उडवीत, घोडीला खेटून, वेळूखालून मान घालून एकेक पलीकडे निघून गेली.

"गाया जात्यात की," गेनबा म्हणाले.

"त्या रोजच्या हायत."

"आन् नवरदेव?"

"त्यो आजच्यापुरता."

वऱ्हाडातून कोणीतरी ओरडले, "किसना, खाली उतर आन् हंबर!" सगळे हसले. गेनबा हसले नाहीत. त्यांचा आवाज चढला की काळजीचे कारण नसे, हे मला नंतर कळले. तेव्हा तो उतरला होता.

"बैल जुपा," ते म्हणाले.

"मामा, जरा दम धरा," मी म्हणालो.

"मास्तर, तुमच्या गावानं आमाला मढ्याच्या वाटंनं बोलावलं. आमी आलो तसं जातू. पोरीला बोल न्हाई, तुमच्या आबांना बोल न्हाई." ते गाडीकडे वळले. वर मांडवात यमुना जुने लुगडे नेसून हळदीने बसलेली होती. मागच्या गाडीच्या जुवाखाली खरोखरच एक बैल आणून उभा केला गेला. मग गेनबा थांबले. दावे लढवलेल्या माणसाला कारण समजल्याशिवाय हरणे जमत नाही. "पर कशापायी, त्ये तर सांगा. काय लिवलंय त्या फळीवर?"

मी वाचले, "हा रस्ता एकतर्फी आहे."

"काय हाय?"

"एकतर्फी."

परक्या गावात आपल्या आळीतला माणूस भेटावा तसे काहीतरी गेनबांच्या चेहऱ्यावर झाले. "आरं मंग आंधी न्हाई का सांगायचं? मला वाटलं काय कायदा-बियदा हाय. बैल ऱ्हाऊ द्या रं." ते परत फळीपाशी आले. पागोटे सारखे केले. आवाज पुन्हा चढला. "शिपाईदादा, एकतर्फी कवा व्हतं?"

"दुसरी तरफ हजर नसली म्हंजे," धोंडू लगेच म्हणाला. हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

"आन् हजर झाली म्हंजे?"

धोंडूने वेळूकडे पाहिले, फळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "मंग न्हाई ऱ्हात एकतर्फी," तो हळू म्हणाला. "मंग दोनी तरफांचं आयकाया लागतं."

"मंग ही काय. नदीकडली तरफ. हुबी हाय तुमच्याम्होरं."

या ठिकाणी मी बोलू शकलो असतो. या शब्दाचा इथला अर्थ निराळा आहे, हे मी महिनाभर सगळ्या गावाला समजावून सांगत होतो. पण त्या संध्याकाळी मला कोणालाही काहीही शिकवावेसे वाटले नाही.

"असं न्हाई चालत," धोंडू म्हणाला. "रीतसर पुकारा व्हाया पायजे."

त्याने वेळू भिंतीला टेकवून ठेवला. डगल्याचे बटण लावले, बिल्ला सरळ केला, आणि कोर्टाच्या दारात उभे राहतात तसा मारुतीच्या पायरीवर उभा राहिला. आपल्या नावाचा पुकारा ज्याने ऐकला नव्हता त्या माणसाने दुसऱ्यांच्या नावाचा पुकारा केला. "निरगुडसरवाले हजर हाय का?"

"हजर हाय," गेनबा म्हणाले.

"निरगुडसरवाले हजर हाय का?"

"हजर हाय," वऱ्हाडातले पुरुष म्हणाले, गंमत म्हणून, एकदम, मोठ्याने.

"निरगुडसरवाले हजर हाय का?"

तिसऱ्या वेळी बायकासुद्धा म्हणाल्या, पोरे म्हणाली, वाजंत्री म्हणाले, आणि ते गंमत म्हणून नव्हते. दोन वर्षांत कोणी कोणाला हा प्रश्न मोठ्याने विचारला नव्हता. गाड्यांच्या रांगेकडे, बायका बसल्या होत्या आणि किसनची आई नव्हती तिकडे, गेनबांनी एकदा पाहिले. तिसऱ्या वेळी त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

धोंडूने कपाळावरचा घाम पुसला. "मंग जावा," तो म्हणाला.

त्यानंतरचा रस्ता मला आवाजांनी आठवतो. ताशा, गाईंच्या घंटा, घोडीच्या टापा, आणि वरून खाली येणाऱ्या गाड्यांचे गाडीवान, जे शिव्या द्यायला तोंड उघडत आणि नवरदेव बघून मिटत. दोन कणे घासले. कोणीतरी कोणाचे तरी घराणे काढले. रस्ता पुन्हा पूर्वीइतका अरुंद झाला होता. चंदनमलशेठ दुकानाच्या पायरीवर गुलाबदाणी घेऊन उभे होते. "या पावणं, या," ते म्हणाले. "लई दिसांनी मानूस मागं आलं."

वरच्या वेशीत रावसाहेब उभे होते, सडकेकडे तोंड करून, हातात झेंडूचा जाड हार. प्रांतसाहेब येडगावकडे बिबट्याच्या मागावर गेल्याचा निरोप त्यांना नुकताच मिळाला होता. वरात त्यांच्या पाठीमागून आली. ते वळले. घोडी, बाशिंग, गेनबा, मी आणि तीन-चार गाई, असे सगळे त्यांच्यासमोर चुकीच्या दिशेने उभे होते.

आबा मांडवातून धावत आले आणि काही न सुचून म्हणाले, "या, रावसायेब."

रावसाहेबांनी रस्त्याकडे पाहिले, हाराकडे पाहिले. दोन पावले पुढे आले, हात उंच केले आणि तो हार किसनच्या गळ्यात घातला. "फुले वाया जायला नकोत," असे ते म्हणाले. मग जेवायलाही बसले. पहिले पान गेनबांना वाढले आहे ना, हे मी आधी पाहिले आणि नंतर रावसाहेबांना वाढले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धोंडूला बोलावून विचारले, वरात का सोडली. "हजर झाले, सायेब," धोंडू म्हणाला. रावसाहेबांनी एवढेच ऐकून त्याला जायला सांगितले. वकिलाला या उत्तरात दोष सापडला नसावा. धोंडूची नेमणूक पुढे कोंडवाड्यावर झाली, वेळू त्याने तिकडे नेला, आणि त्याच्या जागी कोणी नेमले गेले नाही.

लग्नाच्या रात्री आई ताटे उचलता उचलता मधेच जमिनीवर बसली आणि कारण नसताना हसत राहिली. मी विचारले तर म्हणाली, "काय न्हाई. सुटलो." एवढ्या वर्षांनी त्या उन्हाळ्याचे मला हेच सांगता येते. लोक मोठ्या गोष्टी मिळाल्यावर आनंदतात असे पुस्तकांतून वाचले आहे. आम्ही त्या वर्षी फक्त सुटलो होतो, आणि रस्त्यात गाडीला गाडी घासल्याचा आवाज ऐकून बरे वाटत होते.

फळी अजून मारुतीपाशी आहे. तिच्यावरचा हात पावसाने पुसट झाला आहे, पण बोट नदीकडेच आहे. हुकूम कमिटीने कधी रद्द केला नाही, त्यामुळे कायद्याने आमचा रस्ता आजही एकतर्फी आहे. चुलत भावाच्या लग्नासाठी यमुना काल निरगुडसरहून आली. नदीकडूनच, भर पेठेतून आली. गाडीत तिची तीन पोरे होती आणि लावायला आणलेल्या बटाट्यांचे एक पोते होते. बटाट्यांना मोड आले होते.